एकशे सतरा नंबरचं कार्ड

आधीच सांगते, या धाग्यावर मी एरवी वाद घालायला येते, अनुभव लिहायला नाही. आमच्या घरात भूत, मुंज्या, अंगात येणं या सगळ्याला उंबऱ्याच्या आत जागाच नव्हती. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, आणि घेतल्या म्हणजे पाळलेल्या. आई चुकून "दृष्ट लागली असेल" म्हणाली तरी ते पेपर खाली ठेवून तिच्याकडे नुसतं बघायचे. मी स्वतः स्टॅटिस्टिक्सची बीएस्सी. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीबिती वाटत नाहीये... राग येतोय. इतकी वर्षं झाली तरी येतोय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नाशिकच्या एका कॉलेजात — नाव नको — विद्यापीठाचा रिसर्च प्रोजेक्ट आला होता आणि मी त्यात असिस्टंट होते. आमचे सर बायोकेमिस्ट्रीचे. त्यांनी नागली, म्हणजे नाचणी, आंबवून तिच्यात लोह मुरवून एक पावडर तयार केली होती. पेठ तालुक्यातल्या गरोदर बायकांना ती द्यायची, आधी आणि दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि आकडे कॉम्प्युटरला घालून पावडरने रक्त वाढतं हे दाखवायचं. डॉक्टरी, बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर, सगळं एकाच प्रोजेक्टात. 'इंटरडिसिप्लिनरी' हा शब्द सर दिवसातून दहा वेळा म्हणायचे. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या मात्र या बायकांना बंद करायला सांगितल्या होत्या. नाहीतर रक्त कशाने वाढलं ते कसं कळणार, असं सरांचं म्हणणं.

रक्त घ्यायला डॉक्टर, नोंदी करायला मी. करंजाळीच्या पुढे एका पाड्यावर सोमी नावाची एक बाई होती, वीस-बावीस वर्षांची. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा तिने माझा हात धरला. पेठकडचे लोक कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात, त्यात अपमान नसतो.

"बाई, दोनदा रगत नेलास. त्यात काय निंघाला ता सांगाया येशील ना?"

"येईन," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "असं प्रत्येकीला सांगत बसलीस तर प्रोजेक्ट संपायचा नाही."

कॉलेजात कॉम्प्युटर कुठला... सातपूरच्या एका कारखान्यात कार्डांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन होतं. तिथे शनिवारी गेटपास काढून मी एकेका बाईचं एकेक कार्ड पंच करायचे. नाव नाही, फक्त नंबर. सोमी एकशे सतरा. मग गठ्ठा नीट लावून त्याच्या वरच्या काठावर पेनाने एक तिरकी रेघ मारायची. कार्डं कुठे विस्कटली तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. गठ्ठा खोक्यात बांधून एसटीच्या पार्सलने पुण्याला विद्यापीठाच्या कॉम्प्युटरकडे जायचा, आणि आठवड्याने छापलेले कागद आणि खोकं परत यायचं.

पाठवायच्या आदल्या दिवशी सरांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर चार नंबर, त्यातला एक एकशे सतरा. या चौघींचं रक्त वाढायच्या ऐवजी घटलं होतं.

"साळवे, ही चार कार्डं काढून टाक. आउटलायर आहेत, बाकीच्या आकड्यांत बसत नाहीत."

"सर, पण कमी झालंय म्हणजे यांना आत्ता गोळ्या..."

"यांनी पावडर खाल्लीच नसणार. कोंबड्यांना घातली असेल."

मी काढली. हो, मीच काढली — चारही कार्डं फाडून टोपलीत टाकली. मग उरलेला गठ्ठा लावून निळ्या पेनाने नवी रेघ मारली. नोकरी कंत्राटी होती, घरात दोन भाऊ शिकत होते... कारणं सगळ्यांकडे असतात.

पुण्याहून कागद आले. सर एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि एकदम थांबले. एकशे सतरा. हिमोग्लोबिन पहिल्या तपासणीत आठ पॉइंट दोन, दुसऱ्या तपासणीत सहा पॉइंट चार. माझ्यावर डाफरले. मी म्हणाले, सर, खोकं परत आलंय, उघडून बघू. उघडलं. कार्ड आत होतं. धड, घडी नाही, सुरकुती नाही. आणि काठावर माझी निळी रेघ, शेजारच्या कार्डांशी तंतोतंत जुळणारी. ती रेघ मी ते कार्ड फाडल्यानंतर मारली होती.

"तू काढलंच नव्हतंस," सर म्हणाले. मीही तसंच मानलं. फाडलं ते दुसरं काहीतरी असेल, घाईत चूक झाली असेल. भुताखेतापेक्षा स्वतःची चूक मानणं सोपं असतं.

मग सरांनी ते कार्ड स्वतः घेतलं, ॲशट्रेवर धरलं आणि काडी लावली. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. या खेपेला मी गठ्ठ्यावर लाल रेघ मारली, खोकं सरांसमोर बांधलं, गाठीवर त्यांनी लाख लावली. त्या पंधरवड्यात सातपूरच्या कारखान्यात संप होता, गेट बंद. म्हणजे नवं कार्ड पंच करायचं म्हटलं तरी नाशिकमध्ये मला जागा नव्हती. हे मुद्दाम लिहितेय, कारण खाली कोणीतरी "तुम्हीच केलं असेल" म्हणणार, माहितीये मला.

कागद परत आले. एकशे सतरा होतं. खोक्यात कार्ड होतं, लाल रेघेसकट.

फक्त दुसरा आकडा बदलला होता. सहा पॉइंट चार नाही... पाच पॉइंट एक. असा आकडा आमच्या कुठल्याच वहीत नव्हता. त्या बाईचं रक्त गेल्या दीड महिन्यात कोणी घेतलंच नव्हतं.

सर कागद माझ्याकडे ढकलत म्हणाले, "तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं होतं."

त्यातलं ते 'तुम्हा लोकांना' मी विसरलेले नाही. घाबरायचं तर राहिलंच बाजूला, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदावरून खोडलं की बाईच्या अंगात रक्त भरतं का? कोंबड्यांना घातली म्हणे. कोण गेलं होतं बघायला? मी कार्ड पर्समध्ये टाकलं, सीबीएस स्टँडवरून पेठची एसटी धरली आणि सावळघाट ओलांडेपर्यंत मनातल्या मनात सरांशी भांडत होते.

सोमी दारातच बसलेली. आठवा संपत आलेला, तोंड सुजलेलं, ओठ पांढरेफटक. चार शब्द बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"आलीस. येशील सांगलास ना... मी वाट बघं."

पावडरचा डबा भिंतीशी होता. चाटून पुसून रिकामा.

दवाखान्याची जीप मिळवली ती रडून नाही, भांडून. नाशिकला सिव्हिलमध्ये आणलं. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि नळी माझ्यासमोर धरली. "पाच पॉइंट एक. इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" पर्समधलं कार्ड काढून त्यांना दाखवावं असं वाटलं, पण भोकं वाचता येणारी तिथे मी एकटीच होते. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, त्यातली एक माझी. तीन आठवड्यांनी मुलगी झाली. दोघी वाचल्या.

सरांचा पेपर छापून आला. पावडरने रक्त वाढतं असंच त्यात होतं. एकशे सतरा नंबर त्यात नव्हता, माझं नावही नव्हतं. त्याआधीच मला काढलं होतं — आउटलायर म्हणूनच म्हणा.

कार्ड अजून माझ्याकडे आहे. एका ओळखीच्या इंजिनिअरला दाखवलं, तो म्हणाला कार्डांची झेरॉक्स निघावी तशी मशीनवर दुसरी प्रत निघते. निघत असेल. पण जळलेल्या कार्डाची प्रत कशावरून काढणार? आणि न घेतलेल्या रक्ताचा आकडा कुठून आणणार? मला उत्तर सापडलेलं नाही. वडिलांना मी हे कधीच सांगितलं नाही.

इथवर वाचून तुम्ही सरांना शिव्या देत असाल. द्या, मीही देते. पण चिठ्ठीवर चार नंबर होते. परत आलं ते एकच, जिला मी येईन म्हणाले होते तिचं. बाकी तिघी त्याच तालुक्यात, तेवढ्याच रिकाम्या डब्यांसकट बसलेल्या होत्या. माझ्याकडे त्यांचे पत्ते होते. त्या जीपने मी सोमीला घेऊन सरळ नाशिकला आले आणि पुन्हा कधी त्या रस्त्याला गेले नाही.

एकेचाळीस, शहात्तर, एकशे तीन. नंबर पाठ आहेत. नावं आठवत नाहीत.