कुंकवाचा गोल

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत छपाईचं मशीन खोटं बोलायला लागलं, तर त्याच्याकडून खरं वदवून घेणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे आमचे लातूरवाले चाचा. माझ्या चार रंगांच्या जुन्या ऑफसेट मशीनला कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलंय. ते चालतंय ते चाचांच्या जिवावर, आणि माझं घर त्या मशीनच्या जिवावर. त्यामुळे चाचांना सर्दी झाली तरी इकडे नांदेडात वाफारा मी घेतो.

फोन केला की चाचा पहिल्या एसटीने निघतात. खांद्यावर रेक्झिनची पिशवी, पिशवीत चाचींच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं मीटर आणि सायकलच्या ट्यूबने बांधलेला एक लॅपटॉप. तो लॅपटॉप सुरू होईपर्यंत माणसाचं जेवण उरकतं. पण आमच्या मशीनची भाषा आता त्या एकट्यालाच येते. आल्याआल्या चाचा मशीनच्या स्क्रीनवर आपला रुमाल टाकतात. वर कुठला एरर आलाय हे वाचतसुद्धा नाहीत. "त्याला काय इचारायचं? ते ऐकीव बोलून राहिलंय," म्हणतात. मग मेन स्विच बंद करतात, तसबीचे तेहतीस मणी ओढतात आणि मगच पुन्हा चालू करतात. आमचा मशीनमन गंगाधर एकदा दहा मण्यांवरच स्विचकडे हात न्यायला गेला, तर चाचांनी त्याचा हात धरून ठेवला. "थकून निजलंय ते. पुरतं निजू दे, मंग उठव."

त्यानंतर जबानी. प्रेसमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, "काय बदललं?" सगळे एकच उत्तर देतात, "काहीच नाही." चाचांचा या उत्तरावर काडीचा विश्वास नाही. उमरीच्या एका प्रेसवाल्याचं मशीन रोज दुपारी आपोआप बंद पडायचं. तोही छातीठोकपणे म्हणाला, काहीच बदललं नाही. आणि हे सांगताना त्याचे केस वाऱ्याने उडत होते. चाचांनी वर बघितलं. "मंग हे कूलर काय निजामाच्या काळातलं हाय?" कूलर मशीनच्याच लाइनवर जोडलेला होता. तो सुरू झाला की इकडे मशीनचा कॉम्प्युटर गप्प. चाचांनी पिशवी न उघडता वायर बदलून घेतली आणि थंड हवेत बसून चहा प्यायला.

माझ्यावर ही पाळी आली ती सहा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मशीन सुरू केलं की लगेच थांबायचं आणि स्क्रीनवर यायचं, कागद अडकला. आत कागदाचा कपटासुद्धा नव्हता. गंगाधरने दहा वेळा बघितलं, मी अकरावी वेळ टॉर्च लावून बघितलं. कंपनीच्या इंजिनियरने व्हिडिओ कॉलवर एक नजर टाकली आणि सांगितलं, मुख्य बोर्ड गेलाय, तो आता बनत नाही, मशीन भंगारात काढा. चाळिशी ओलांडलेल्या, दुसरं काहीही न येणाऱ्या माणसाने पुढे काय करावं, हे त्याने सांगितलं नाही.

चाचा आले. रुमाल, तेहतीस मणी, जबानी. सगळ्यांत ठणकावून "काहीच नाही" म्हटलं ते मी. मग चाचा वाकले, मशीनच्या पोटात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी गंगाधरसकट सगळ्यांना चहाला पिटाळलं, स्क्रीनवरचा रुमाल काढला, पुन्हा आत हात घातला आणि तोच रुमाल माझ्यापुढे धरला. पांढऱ्या रुमालावर हळद आणि कुंकू.

"मालक, खंडेनवमीची पूजा कुनी केली?"

मी केली होती. आत बटणाएवढा काचेचा एक सुरेख गोल दिसला होता. टिळ्यासाठीच जागा सोडलीय असं वाटून मी मोठ्या भक्तीने बरोब्बर तिथेच बोट टेकवलं होतं. कागद आला की नाही हे बघणारा तो मशीनचा डोळा होता.

"डोळ्यात कुंकू गेल्यावर दिसंल कसं त्याला?" चाचा हळू आवाजात म्हणाले. लाजेने माझी मान वर होईना. त्यांनी मार्कर काढला, बाहेरच्या पत्र्यावर एक गोल काढला. "पूजा बंद करू नका. निस्तं कपाळ बदला." तेवढ्यात गंगाधर परत आला. "काय निघालं, चाचा?" चाचांनी रुमाल खिशात घातला. "तार ढिली होती. ही बघ, ही. म्हयन्याला आवळत जा." तेव्हापासून गंगाधर ती तार दर महिन्याला इमानाने आवळतोय.

आणि तेव्हापासून दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चाचांचा लातूरहून फोन येतो, "मालक, डोळे सोडून." यंदा आला नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून मीच लावला.

"बोला मालक. काय बदललं?"

"काहीच नाही, चाचा."

"खोटं. दर साली फोन म्या करतो. औंदा तुमी केला." मग म्हणाले, "नजर गेली हो. बारीक तार दिसत न्हाई आता. एसटीची पाटी बी दुसऱ्याला इचारावी लागती."

"मग आमच्या मशीनचं कसं?" मी विचारलं, आणि विचारल्याक्षणी स्वतःचा राग आला.

चाचा हसले. "काय बदललं, ते इचारत जावा. पर पयली जबानी सोताची घ्या."

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी पत्र्यावरचा गोल पार पुसट झालेला दिसला. तो मार्करने पुन्हा काढला, त्यात कुंकू लावलं, आणि गंगाधरला समोर बसवून सहा वर्षांनी खरी जबानी दिली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग मालक, त्या तारेचं काय करू?"

"आवळत राहा," मी म्हणालो. "चाचांनी सांगितलीय."