भाडेकरूंचं गरम पाणी

गेझिना टामेन यांना बर्लिनमध्ये मागून सगळे 'बूटबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं त्यांनी संसदेच्या संरक्षण समितीत काढली. बाकीचे सभासद विमानं आणि पाणबुड्यांवर तासन्‌तास बोलत. बाई बोलत मोजे, गाद्या आणि संडास यांवर. विमानावर बोलणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, संडासावर बोलणाऱ्याचा येत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

त्याआधी त्या ओस्टरडाइख या किनाऱ्यावरच्या आपल्या गावी टपाल कचेरीत खिडकीमागे बसायच्या. नवरा एलर्ट सैन्यात ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात तो परदेशातल्या मोहिमेवरून घरी आला तो बुटांचे तळ चिकटपट्टीनं बांधून. बाईंनी ते बूट पिशवीत घातले आणि पक्षाच्या सभेत थेट पुढाऱ्यांच्या टेबलावर, बिअरच्या पेल्यांमध्ये नेऊन ठेवले. पुढच्या निवडणुकीला त्या भागात पक्षाला उमेदवार मिळत नव्हता, तेव्हा सगळ्यांना त्या पिशवीवाल्या बाईची आठवण झाली. बाई निवडून आल्या, भांड भांड भांडल्या, आणि सैनिकांना नवे बूट मिळाले. तोवर एलर्ट निवृत्त झाला होता.

आता त्यांचं शेवटचं वर्ष होतं. पक्षानं पुढचं तिकीट एका तरुणाला दिलं होतं, आणि ते पुष्पगुच्छ देऊन कळवलं होतं. बाईंना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. जीव अडकला होता तो गावाबाहेरच्या छावणीतल्या एका न्हाणीघरात. तिथं गरम पाणी नव्हतं. पोरं दिवसभर खाडीच्या चिखलात लोळून यायची आणि जानेवारीत गार पाण्याखाली उभी राहायची. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "मी जायच्या आत तुम्हाला गरम पाणी देऊन जाईन." शब्द दिला होता, पण तो पाळणं अवघड होऊन बसलं होतं.

कारण छावणीतले नळ सैन्याचे नव्हतेच. इमारती दुसऱ्या खात्याच्या, सैन्य तिथं भाडेकरू. भाडेकरूनं पाना उचलायचा नाही. घरमालक खातं म्हणे मंत्रालयाला विचारा, मंत्रालय म्हणे घरमालकाला. बाईंनी दोघांना एका खोलीत बसवलं, तर दोघांनी मिळून एक उपसमिती नेमली.

मग छावणीतल्या हवालदार ओन्नो डिर्क्सनं काय करावं? त्याच्या मेव्हण्याचा समुद्रकाठचा लॉज बंद पडला होता. तिथला जुना बॉयलर त्यानं उचलून आणला आणि दोन-चार शनिवार खपून पोरांच्या मदतीनं बसवला. पाणी कढत झालं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी समितीत उभं राहून सांगितलं, "तुमच्या उपसमितीला जमलं नाही ते आमच्या हवालदार डिर्क्सनं मेव्हण्याच्या बॉयलरनं करून दाखवलं." सगळे हसले. मंत्रालयाचा माणूसही हसला, आणि त्यानं नाव टिपून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात घरमालक खात्याची माणसं आली, बॉयलरला सील ठोकून गेली. डिर्क्सला लेखी ताकीद मिळाली, बढती अडकली.

त्या संध्याकाळी एलर्टनं चहा केला. त्यांच्या किनाऱ्याकडच्या रीतीनं कपात खडीसाखर टाकून वर कडेनं साय सोडली आणि कप बायकोपुढं सरकवला. "अगं, सैन्यात ज्याचं भलं करायचं, त्याचं नाव घ्यायचं नसतं. मला विचारायचंस तरी."

"तू टीव्हीपुढं घोरत होतास."

"मग उठवायचंस. माझी झोप मोडली असती, पण भाषण तरी थांबलं असतं."

बाईंनी चहा घेतला नाही. स्वतःचाच इतका संताप त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या माफी मागायला छावणीत गेल्या. डिर्क्स न्हाणीघराच्या दारातच भेटला, मागं त्याच्या हाताखालची पोरं.

"डिर्क्स, माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं."

"जाऊ द्या हो, टामेनबाई. शिव्या घातल्या असत्यात तर एव्हाना बढती मिळाली असती."

बाई हसल्या नाहीत. आत गेल्या. बॉयलरचं सील जागच्या जागी होतं. त्यांनी सवयीनं नळाखाली हात धरला आणि झटकन मागं घेतला. पाणी चांगलंच पोळत होतं. भिंतीतून एक नवी नळी गुपचूप पलीकडच्या खोलीत गेली होती, आणि तिथून कसलीशी घरघर ऐकू येत होती. पोरं छताकडं बघत होती.

"नळ बिघडलाय, बाई," डिर्क्स शांतपणे म्हणाला. "गार पाणीच जरा गरम येतं."

बाईंनी हात रुमालाला पुसला आणि नळ बंद केला.

समितीच्या त्यांच्या शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी छावणीतल्या न्हाणीघराचा विषय काढला. "तुम्ही परवाच जाऊन आलात ना? पाणी कसं आहे?"

गरम म्हणावं, तर मागणी तिथंच निकालात निघणार आणि डिर्क्सच्या मागं पुन्हा माणसं लागणार. बाईंनी या खोलीत आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. "गार," त्या म्हणाल्या. "बर्फासारखं."

कुणी पुरावा मागितला नाही. बावीस वर्षं खरं बोलल्या तेव्हा दर वेळी फोटो दाखवा, मोजमाप द्या, आणि आज सगळे माना डोलावत होते. न्हाणीघराचे पैसे एकमतानं मंजूर झाले. काम चार वर्षांनी सुरू होणार होतं. सभासद येऊन हात मिळवून गेले, एकानं पाठही थोपटली. बाईंना त्या सगळ्यांच्या अंगावर खेकसावंसं वाटत होतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी डिर्क्सला फोन लावला. "पैसे मंजूर झाले. पण चार वर्षं लागतील. मी दिलेला शब्द काही—"

"चार वर्षं?" डिर्क्सचा आवाज एकदम खुलला. "काम मंजूर झालंय म्हटल्यावर तोवर तपासायला कुणी येत नाही. फार उपकार झाले, बाई. पोरांना सांगतो, निवांत आंघोळ करा म्हणून."