आबांची उभी जाळी

नामदेवआबा कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी खिशातून हातरुमालाएवढा हिरव्या जाळीचा तुकडा काढायचे आणि डोळ्यांसमोर धरून एकेक झाड तपासायचे. वडिवळ्यात मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा माझी बागही अशीच तपासली गेली. "कोथिंबिरीला पन्नासची लावा, निम्मं ऊन अडतं. ह्या फर्नला पंच्याहत्तरची." मग तो तुकडा त्यांनी माझ्यावर रोखला आणि बराच वेळ विचार केला. "गुरुजी, टक्कल हाय. तुमाला बी पंच्याहत्तरचीच लागंल."

आबांची नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत तंबू आणि जाळ्या दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आले, पण उघडी वस्तू दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. टोमॅटोच्या रोपांवर जाळी, घारीच्या भीतीनं कोंबड्यांवर जाळी, पाला पडू नये म्हणून हौदावर जाळी, इथवर ठीक होतं. पण म्हशीवर? शिंगांना भोकं ठेवून, मापं घेऊन शिवलेली. म्हैस त्या पोशाखात धरणाकडे निघाली की पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढत. "जाळी घातल्यापास्नं दूध लय घट्ट येतंय," असं आबा सगळ्यांना सांगत. मी तेच दूध घेत होतो, त्यामुळे गप्प बसत असे.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. धरणावरून येणारा वारा माझ्या मिरच्या झोडपायचा, म्हणून मी कडेनं पत्रे ठोकले. वाऱ्यानं पत्र्यांवरून उडी मारली आणि सगळ्या मिरच्या झोपवल्या. आबांनी पत्रे काढायला लावले आणि बांबूंना जाळी ताणली. "पत्र्यानं वारा चिडतो, गुरुजी. त्येला अडवायचं न्हाई, दमवायचं. भोकाभोकातनं जाऊ द्यायचा. पल्याड पोचस्तवर त्येची रग जिरती." मिरच्या सावरल्या.

बाहेर एवढं शहाणपण सांगणारा हा माणूस घरात मात्र पत्र्यासारखा वागायचा. एका उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या अंगणावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी जाळी ताणली. "ऊन येऊ द्या वो थोडं," असं त्यांच्या पत्नी गोदामावशी रोज सांगत होत्या. आबा ऐकेनात. त्याच आठवड्यात मावशींनी कुरडया घातल्या. हिरव्या सावलीत त्या वाळेचनात. आंबल्या, मग त्यांना बुरशी आली. मावशींनी कुरडयांची खाट रस्त्यावर नेऊन उपडी केली, पिशवी भरली आणि इंदुरीला भावाकडे निघाल्या. फाटकातून म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवा ह्या अंगणात ऊन व्हतं. ते पडंल तवा येते."

"येईल की, जातीय कुटं," असं म्हणत आबांनी आधी ऐट केली. मावशी आल्या नाहीत. आबांचं जेवण तुटलं. एका सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "ती आलीच न्हाई तर हितं सावलीत बसवू कुनाला, गुरुजी?" मला त्यांची फार कीव आली.

मी त्यांना स्कूटरवरून इंदुरीला नेलं. बायकोची समजूत काढायला निघालेला माणूस मांडीवर जाळीचा गुंडाळा घेऊन बसला होता. मी कपाळाला हात लावला. मावशी भावाच्या गच्चीवर होत्या. तिथं ऊन भरपूर होतं, पण नदीकडचा वारा असा, की अर्धवट वाळलेल्या कुरडया उडून शेजाऱ्यांच्या दारात पडत होत्या आणि मावशी त्या गोळा करत फिरत होत्या. आबांनी गुंडाळा सोडला. वाऱ्याच्या बाजूनं त्यांनी जाळी उभी बांधली. कुरडया जागच्या जागी बसल्या, आणि त्यांच्यावर ऊनही पडत राहिलं.

"हे घरी न्हाई सुचलं तुमास्नी?" मावशींनी विचारलं.

"घरी तू उन्हाची तक्रार केलीस. वाऱ्याची कुटं केलीस?"

मावशींना हसू आवरेना. तिथंच गच्चीवर तह झाला. त्यांनी बजावलं, "अंगणात जाळी उभी ऱ्हाईल. आडवी न्हाई." आबांनी मान डोलावली आणि घरी येताच अंगण उघडं केलं. म्हैस अंगणात मोडत नाही, असं मात्र त्यांचं शेवटपर्यंत म्हणणं होतं.

गेल्या माघात आबा झोपेतच गेले. अंगणात त्यांना ठेवलं होतं आणि ऊन तोंडावर येत होतं. त्यांच्या पुतण्यानं माझ्या मिरच्यांची जाळी सोडून आणली. आबांनी त्याच महिन्यात नव्यानं बांधून दिलेली, त्यांच्या हातची ती शेवटची जाळी. तो रडत रडत ती त्यांच्यावर पांघरू लागला, तशी मावशींनी त्याचा हात धरला.

"आडवी न्हाई. ठरलंय आमचं. घाटावर वारा असतो, तितं उभी लावा. जरा लांब लावा, न्हाईतर पेट घील."

नदीकाठी वारा सुटलेलाच होता. कुणीतरी ताडपत्री आणली होती, ती आम्ही उघडलीसुद्धा नाही. बांबू रोवले, जाळी ताणली. कापूर पहिल्याच काडीला पेटला. मला रडू फुटलं, आणि रडतानाच त्या जाळी घातलेल्या म्हशीची आठवण येऊन हसूही आलं.

स्मशानातली वस्तू घरी नेत नाहीत, म्हणून जाळी तिथंच सोडून आम्ही परतलो. दारात मावशी उभ्या होत्या.

"जाळी कुटं हाय?"

मी रीत सांगितली.

"रीत मला ठावं हाय. घिऊन या, मी धुती." मग त्यांनी कुंपणापलीकडे माझ्या बागेकडे पाहिलं. "तुमच्या मिरच्या उघड्या पडल्यात, गुरुजी. वारा वाढलाय."