नंदोईंची फायनल

फुटबॉल धड न पाहता फुटबॉलसाठी जीव टाकणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा नंदोई निघाला. नणंदेच्या नवऱ्यासमोर पदर सावरून उभं राहायचं, असं मला माहेरी शिकवून पाठवलं होतं. पण पहिल्याच भेटीत हा माणूस आलापल्लीच्या लाकूडडेपोत धोतर खोचून चिंध्यांच्या चेंडूमागे धावताना दिसला. आता सांगा, पदर सावरू की हसू? डेपोत ते सागाचे लठ्ठे मोजायचे. फुटबॉल त्यांनी जन्मात एकदाच पाहिला होता, नागपूरला, तोही कुंपणाबाहेरून आणि अर्धाच, कारण परतीची मोटर सुटत होती. उरलेला अर्धा खेळ त्यांनी मनानंच रचला. त्यामुळे आलापल्लीच्या फुटबॉलात असे नियम होते की कलकत्त्याच्या लोकांनाही घाम फुटावा. चेंडू रेषेबाहेर गेला की नंदोई फीत काढून किती गेला ते मोजायचे, वहीत टिपायचे. तोवर पोट्टे घरी जाऊन जेवून यायचे. कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, "खेळ थांबला तरी चालते, माप चुकलं नाई पायजे."

त्या वर्षी आपला जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. बाकीच्यांना काय, कचेरीतले शिक्के बदलले असतील. नंदोई मात्र रातोरात मुंबईकर झाले. समुद्र पाहिला नव्हता, पण "आमची मुंबई" असं म्हणताना त्यांची छाती अशी फुगायची की सदऱ्याची गुंडी तुटावी. आणि देव कसा खट्याळ बघा, देशाच्या फुटबॉल कपाची फायनल आली ती मुंबई आणि हैदराबादची! कारण नंदोईंचे इवाई, म्हणजे त्यांच्या लेकीचे, गोदीचे सासरे, सिरोंच्याचे. घरात तेलुगू, नदीपलीकडे सगळा तेलुगू मुलूख, म्हणून त्यांचा जीव हैदराबादवर.

गोदी पहिलटकरीण, सातवा महिना, रीतीनं माहेरी आलेली. मीही नणंदेच्या मदतीला गेले होते. तेवढ्यात इवाई तिला परत न्यायला हजर. त्यांची आई नव्वदीला टेकलेली. डोळे मिटण्याआधी पणतवंड मांडीवर घ्यायचं म्हणून तिनं धरणं धरलं होतं. बाळंतपण सिरोंच्यातच व्हावं, हा तिचा हट्ट. इकडे साठेक मैलांचा कच्चा रस्ता, मधे नदीनाले, आणि पोरीची ही अवस्था. दोन दिवस दोघे ओसरीवर हुज्जत घालत होते. तिसऱ्या दिवशी नंदोई गरजले, "आयका इवाई! मुंबई जितली त गोदी इथीच राहीन. हैदराबाद जितलं त खुशाल घेऊन जा."

"मंजूर!"

आतून गोदी ओरडली, "बाबा, मी का कप हावो का?" कोणी ऐकलं नाही. नणंदेनं त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं सोडलं. बोलायची ती ताटवाट्या आपटून.

ठेकेदाराच्या ऑफिसात बॅटरीवरचा रेडिओ होता. फायनलच्या दिवशी आम्ही सगळे तिथं जमलो. सांगणारा इंग्रजीत सांगत होता आणि नंदोई बेधडक मराठीत. "आता आपला गडी निंगाला! एकाले हुकवलं! दोघाले हुकवलं!" मध्येच रेडिओतून हजारो माणसांचा कल्ला उठला. "गोल!" म्हणत दोन्ही इवायांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. मग दोघांनाही एकदमच आठवलं, की गोल कोणाचा? आणि तेवढ्यात बॅटरी बसली. उन्हात ठेवली, पदराखाली धरली, काही केल्या बोलेना. आता नागपूरचा पेपर मोटरीनं येईल तेव्हाच काय ते कळणार.

तीन दिवस वाट पाहिली. इवाई हलेनात. नंदोई त्यांच्या भातावर तुपाची धार धरत म्हणायचे, "घ्या, घ्या. हारणाऱ्यानं पोटभर जेवाव."

इवाई म्हणायचे, "वाढा, वाढा. जाता जाता पोरीलेबी असंच वाढा."

चौथ्या दिवशी पेपर आला. घरात मराठी वाचणारे एकटे नंदोई. इवायांना अक्षर फक्त तेलुगूच. नंदोईंनी पान उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरलं. दाराआडून नणंद हातानं खुणा करत होती, की सांगा मुंबई, मुंबई! आणि देवा, माफ कर, मीही दोनदा खाकरले. नंदोईंनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"हैदराबाद," ते म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "उद्या सकाळी गाडी जुंपाले सांगतो."

इवायांनी पेपर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "मले हे वाचता येत नाई, इवाई. तुमी काईबी सांगितलं असतं, मी मानलं असतं."

"म्हणूनच त खरं सांगाव लागलं," नंदोई म्हणाले.

इवाई हसले. "अच्छा. मुंबई हारली, त आपली पोरगी काऊन हारंल? राहू द्या तिले इथीच. म्हातारीले मीच घेऊन येतो."

आणि आणलीच हो! गाडीत हातभर भाताचं तणस, त्यावर गोधड्या, त्यावर चिमणीएवढी म्हातारी. गोदीला मुलगी झाली, पणतवंड म्हातारीच्या मांडीवर आलं. म्हातारीला मराठी येईना, नंदोईंना तेलुगूचं अक्षर कळेना, पण रोज संध्याकाळी पाळण्याच्या दोन बाजूंना दोघं बसायची. ती तासन्‌तास सांगायची आणि हे मान डोलवत, "हो माय, हो माय." काय सांगायची, ते देवाला माहीत. नंदोईंना विचारलं तर म्हणायचे, "सगळं बरोबर सांगते."

पावसानं नाले भरण्याआधी म्हातारीला परत न्यावं लागलं. नंदोई गाडीच्या चाकाला हात लावून नाक्याच्याही पुढे चालत गेले. त्याच पावसाळ्यात ती गेली. निरोप आला तेव्हा नंदोई डेपोत एका लठ्ठ्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी कप लठ्ठ्यावर ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "मुंबई हारली थे बरंच झालं."