मामाजींनी वाचवलेली पिल्लं

डोकं इतकं तापलं हाय का शेवटी इथं ग्रुपवरच लिहून राह्यली.

माह्या टाकीतल्या झेब्रा सिक्लिड मासोळ्यायच्या जोडीचे अन् त्यायच्या पिल्लायचे फोटो तुम्ही पाह्यलेच. त्याच टाकीत वीतभर ऑस्कर मासा हाय, दुसऱ्या मासोळ्या खाणारा. तरी त्या बोटभर आईनं बारा दिवस त्याले पिल्लांजवळ फिरकू देलं नाई.

आज दुपारी शाळेतून घरी आली, तर पिल्लायचे आई-बाप दोघंही बकेटीत! टाकीत एक पिल्लू नाई. अन् समुद्रपूरहून आलेले माहे मामेसासरे सोफ्यावर आरामात चहा पिऊन राह्यले होते.

"सूनबाई, तुही मासोळी आपलेच पिल्लं खाऊन राह्यली होती. पिठाच्या चाळणीनं दोघायले बाहेर काढलं म्या. वाचवले पिल्लं!"

अहो मामाजी, खात नव्हती ती! तुम्ही काचेले नाक लावलं म्हणून घाबरली, अन् एकेक पिल्लू तोंडात धरून रेतीतल्या खड्ड्यात नेऊन ठेवत होती. खाल्ले ते ऑस्करनं. राखणदारच उचलल्यावर तो काऊन सोडीन?

"मले काय माहीत?" म्हणे.

माहीत नोहतं तं हात काऊन घातला? एक फोन नाई करता आला?

जोडी परत टाकीत सोडली. तेव्हापासून आई त्या रिकाम्या खड्ड्यावरून हटत नाई. ऑस्कर जवळ आला का अंगावर धावते.

मामाजींले समजावणं मी सोडलं. पण तिले कसं सांगू, का बाई, आता राखायले काईच नाई उरलं?