आधी वाढायचं

ही वही कोणी वाचली तर अक्षराला आणि चुकांना माफ करा. मेडशीच्या आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाई कोणाकडे न पाहताच बोलतात. माझी मुलगी जेवत नव्हती, दर महिन्याला वजन घटत होतं. बाईंनी तिला ‘खाय’ म्हटलंच नाही. हातात पळी दिली.

“आज तू वाढपी. वाढप्यानं पंगतीच्या आधी जेवाचं नसते, माय.”

पोरगी सगळ्यांना खिचडी वाढत फिरली. मी दारात घुटमळत होते.

“तू कायले पाहून राह्यली? तुह्या नजरेनंच तिचं पोट भरते. जाय घरी!”

मी भिंतीआडून डोकावत थांबले. पोरं उठल्यावर बाई मुलीसमोर बसून आपली खिचडी खाऊ लागल्या. मग मुलीचा आवाज आला, “अन् मले कोण वाढन?”