डोंग्याच्या लाकडातून आलेली दिवाळी

माझी आत्या जन्मापासून बहिरी नव्हती. दोन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा ऐकू येणं बंद झालेलं होतं. बोलणं नुकतंच फुटलं होतं, तेही हळूहळू गेलं. गावातले लोक तिला मुकी म्हणत, तिच्यासमोरच म्हणत. माझा बाप तेवढा तिला ‘बाई’ म्हणायचा, मोठी बहीण म्हणून. सगळा जन्म तो तिला बाई म्हणून हाक मारत आलाय, आणि तिनं ती एकदाही ऐकलेली नाही.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. घर वैनगंगेच्या काठावर, चंद्रपूरकडच्या बाजूला. आत्याचं लग्न झालं नाही, ती आमच्यातच राहिली. पहाटे बाप आणि ती डोंगा घेऊन निघायचे. बाप मागे उभा राहून बांबू रेटायचा, ती पुढे बसून जाळं सोडायची. पाणी उथळ असलं की बांबू तीही घ्यायची, आणि बांबूच्या खालच्या टोकाला काय लागलं, वाळू, गाळ की खडक, हे तिला बापाच्या आधी कळायचं. दोघांची हातांची एक भाषा होती. बोटानं मिशीची टोकं ओढली की बाप, मनगट चोळलं की माझी माय, आणि कानाची पाळी खेचली की मी, कारण लहानपणी माझे कान सुपासारखे होते. ते आजही फारसे सुधारलेले नाहीत.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची. मी गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतो. दिवाळीला चार दिवस घरी आलो होतो. खाली नदीवर बॅरेज झालंय तेव्हापासून पावसाळा संपला की दरवाजे बंद करतात आणि आमच्या गावासमोर पाणी तलावासारखं पसरतं. पलीकडच्या काठावर बाजाराचं मोठं गाव आहे. लक्ष्मीपूजन आटोपलं की तिथले व्यापारी घाटावर जमून फटाके उडवतात. त्या वर्षी नागपूरहून आभाळात फुटणारे मोठे फटाके आणले आहेत, अशी बातमी दोन दिवस आधीच आमच्याकडे पोचली होती.

दरवर्षी आमच्या गावातले लोक काठावर उभे राहून बघतात. काठावर बाभळी आहेत, त्यांच्या वरून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. पूजा झाली, मायनं ताटं मांडायला घेतली, आणि आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं कानाची पाळी खेचली, मिशी ओढली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि मग दोन्ही हातांनी बांबू रेटल्यासारखं केलं.

मला आधी वाटलं, काठावर चला म्हणते. मी दाराकडे हात दाखवला. तिनं मान हलवली आणि पुन्हा बांबू रेटला.

“बा, आत्या डोंग्यातून चाला म्हणून राह्यली,” मी म्हणालो.

“रातच्याले?” बाप म्हणाला. “अमावास्या हाय. काठावरून काऊन नाई दिसत?”

“मले काय इचारता? तिले इचारा.”

बापानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याला नवल का वाटलं ते मला कळलं. आत्या पाण्याला कधी भ्यायली नाही, पण अंधाराला फार भ्यायची. उजेडात ती आमचे हात बघून बोलायची, ऐकायची. अंधार झाला की तेही बंद. दिवे लागल्यावर ती टॉर्चशिवाय अंगणातही उतरत नसे, आणि लाइन गेली की मायच्या पदराचं टोक मुठीत धरून भिंतीला टेकून बसायची. अशी बाई आज अमावास्येच्या रात्री, भर नदीत चला म्हणत होती.

“चाल मंग,” बाप म्हणाला आणि खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकला.

“जेवून तरी जा!” माय म्हणाली.

“येऊन जेवतो. फटाके का आपल्यासाठी थांबून राह्यते?”

मायनं आत्याच्या अंगात माझं स्वेटर चढवलं आणि तिच्या हातात टॉर्च दिला.

आमच्या घाटावर आता बहुतेकांच्या नावा टिनाच्या पत्र्याच्या आहेत. बापाचा डोंगा मात्र जुना, एका अख्ख्या खोडातून कोरलेला. जड आहे, वळवायला त्रास देतो, दरवर्षी डांबर लावावं लागतं. बाप म्हणतो, पत्र्यात बसलं की ढोलात बसल्यासारखं वाटते. त्या रात्री आत्या पुढे बसली, मी मध्ये वल्हं घेऊन, बाप मागे.

काठ सुटला आणि दहा हात गेल्यावरच मला कळलं की मी गेल्या कित्येक वर्षांत खरा अंधार पाहिलेलाच नाही. कारखान्याच्या गावी रात्र होते, पण काळी होत नाही. इथे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. वर तारे, खाली तारे, आणि माझं वल्हं पडलं की खालचे तेवढे हलायचे. मागे आमच्या गावातल्या पणत्या एवढ्याशा झाल्या होत्या. आत्याची पाठही मला दिसत नव्हती. एकदा टॉर्च लागला. तिनं तो स्वतःच्या हातावर धरला होता, आणि हात विचारत होता, अजून किती? बापानं आपल्या हातावर मोबाइलचा उजेड पाडून सांगितलं, थोडं. मधे जाऊ, मग थांबू.

आम्ही मध्यावर थांबलो. बापानं बांबू आडवा ठेवला.

मग पलीकडून एक बारीक ठिणगी सरळ वर चढत गेली. किती वर गेली! आता विझली असं वाटलं, आणि तिथेच ती फुटली. अर्धं आभाळ सोनेरी झालं. पण मी ओरडलो ते आभाळाकडे बघून नाही. त्याच वेळी खालून, पाण्याच्या तळातून, तसंच एक फूल उमलत आमच्याकडे आलं. वरचं खाली उतरत होतं, खालचं वर चढत होतं, आणि दोघांच्या मधे आमचा डोंगा. डोंगा स्थिर होता, तरी मी त्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. पडलो तर वर पडेन की खाली, हेच कळत नव्हतं.

आणि मग आवाज आला. धड्डाम.

आत्या दचकून मागे वळली. तिनं टॉर्च लावला, डोंग्याच्या तळाशी फिरवला, मग हातावर धरला. तिचा हात विचारत होता, काय लागलं? खडक?

“काय लागलं म्हणते?” बाप म्हणाला. “काई तं नाई लागलं.”

दुसरा फटाका चढला, हिरवा. फुटला. आम्ही बघत होतो, आणि आत्या डोंग्याकडे बघत होती. एक, दोन असं मोजावं इतका वेळ गेला आणि आवाज आला. ती पुन्हा दचकली. टॉर्च विझवून तिनं दोन्ही तळहात लाकडावर पसरले.

तिसरा फुटला. त्या लाल उजेडात मला ती स्पष्ट दिसली. फटाक्याकडे मान वर, तळहात खाली, तोंड अर्धवट उघडं. ती वाट बघत होती. आवाज आला, आणि तिच्या तोंडातून ‘आं’ असा मोठा आवाज निघाला. तो आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“बा,” मी म्हणालो, “तिले समजून राह्यलं. आवाज समजून राह्यला तिले.”

मीही तळहात खाली टेकवला. पुढचा धड्डाम आला तसं ते जाड लाकूड आतून थरथरलं. इतकं हलकं की मी हात ठेवला नसता तर जन्मात कळलं नसतं.

गल्लीत पोरं सुतळी बॉम्ब लावायची तेव्हा आत्याला छातीत धक्का बसायचा, आणि ती चिडून पोरांना हाकलायची. तिच्या लेखी फटाके म्हणजे दूरचा मुका उजेड नाहीतर जवळचा हा मार. हे दोन्ही एकाच गोष्टीचे आहेत हे तिला ठाऊक असेल, पण ते एकामागून एक येताना तिनं कधी अनुभवलं नव्हतं. आता तिला प्रश्न पडला होता. फटाका फुटला की त्या उजेडात ती हात हलवायची. उजेड गेला की हात तसाच अर्धा थांबायचा. पुढचा फटाका फुटला की वाक्य पुढे सरकायचं. तीन फटाक्यांत मिळून तिचा प्रश्न पुरा झाला: तिथे आधी, इथे मागून, असं का?

“काय सांगू आता?” बाप म्हणाला. “पलीकडे कोणी धुणं आपटते, तं कापड आधी दिसते अन् आवाज मंग येते. पण तिले धुण्याचा आवाज कुठी ठाऊक हाय?”

मी शिकलेला माणूस, पण सुचलं ते बापालाच. त्यानं जाळ्याला बांधायचा एक दगड उचलला, मोबाइलचा उजेड त्यावर धरला, तिला दाखवला आणि दूर पाण्यात फेकला. मग उजेड पाण्यावर धरून ठेवला. दगड पडला तिथे पाणी उडालं. लाटेचं कडं तिथून निघालं, मोठं होत होत आलं आणि डोंग्याला लागलं. आत्याचं बोट पाण्यात होतं. लाट तिच्या बोटाला लागली तसा बापानं पलीकडच्या काठाकडे हात केला, मग आभाळाकडे, मग डोंग्याकडे.

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या काठापासून आपल्यापर्यंत जे काळं, रिकामं आभाळ होतं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यातून काहीतरी चालत आपल्याकडे येतं आहे, हे तिला त्या क्षणी कळलं असावं. मला ते शाळेत पाठ करून कळलं होतं. असं कधीच कळलं नव्हतं.

तिनं टॉर्च माझ्या मांडीवर ठेवला, पाय लांब केले आणि सरळ डोंग्याच्या तळात आडवी झाली. पाठ लाकडाला, डोळे आभाळाकडे. खाली थोडं पाणी साचलेलं होतं, माझं स्वेटर भिजलं असणार. बाप म्हणाला, “बाई, सर्दी होईन,” आणि मग स्वतःच हसला.

या सगळ्यात आम्ही डोंग्याकडे लक्ष दिलंच नाही. पाणी थांबल्यासारखं दिसत असलं तरी नदीच ती, आम्ही हळूहळू खाली सरकत होतो. एकाएकी तळाशी खर्र झालं आणि डोंगा अडकला. वाळूच्या बेटाची एक कड पाण्याखाली जेमतेम बुडालेली होती, तिच्यावर आम्ही चढलो होतो. बाप शिव्या देत उतरला, पाणी त्याच्या घोट्यापर्यंत होतं. मीही उतरलो. आम्ही डोंग्याच्या कडेला हात लावला, तशी आत्या झोपल्या झोपल्या दोन्ही हात हलवायला लागली. नको. हलवू नका.

“राहू दे,” बाप म्हणाला. “संपू दे तिचं.”

म्हणून आम्ही दोघं भर वैनगंगेत, अंधारात, घोटाभर पाण्यात उभे राहिलो. आणि तेव्हाच पलीकडच्या लोकांनी उरलेलं सगळं एकदम लावलं. एकावर एक, एकात एक. नदीचे दोन्ही काठ दिसायला लागले. आमच्या गावच्या देवळाचा कळस दिसला, बाभळी दिसल्या, काठावर उभी माणसं दिसली. बेटाच्या कोरड्या टोकावर शेकडो अडया बसलेल्या होत्या, आम्हाला पत्ताच नव्हता. त्या रानबदकांचा थवा शिट्ट्या घालत उठला, आमच्या डोक्यावरून गेला, आणि लाल उजेडात प्रत्येक पंख वेगळा दिसला. मला भीती वाटली, पण त्या जागेवरून हलावंसं वाटलं नाही. बापानं माझा दंड धरला होता. तो एवढंच म्हणाला, “अरे बाप रे. अरे बाप रे.” पन्नास वर्षं या नदीत वावरलेला माणूस.

मी खाली पाहिलं. आत्या पाठीवर पडली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. पण तोंड हसत होतं. मग सगळं विझलं, धूर तेवढा राहिला, आणि शेवटचे धक्के अंधारात येत राहिले. आम्ही ते ऐकले. तिच्या पाठीला ते लागले. मग तेही थांबले.

फटाक्यांच्या दारूचा वास पाण्यावरून येत होता, आणि धुरातून एक एक करून तारे परत दिसायला लागले. मग आत्या उठून बसली, टॉर्च मागून घेऊन लावला, बांबू उचलला आणि वाळूत टोचून बापाला दाखवलं, इकडून रेटा, इकडे खोल आहे. दोन ढकलण्यांत डोंगा सुटला. परतताना बांबू तिच्याच हातात होता. टॉर्च मात्र तिनं वाटेत पुन्हा लावलाच नाही.

घरी गेलो तर माय दारात उभी. “किती वेळ! इथी माझा जीव टांगून राह्यला!” ती बापावर ओरडली, मग आत्याचे ओले कपडे बघून माझ्यावर. आम्ही गार झालेला वरण-भात आणि अनरसे खाल्ले. आत्याला खरंच सर्दी झाली आणि ती आठवडाभर शिंकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाया अंगणात आल्या तेव्हा आत्या त्यांना सांगत होती. मी ओसरीवर दाढी करत होतो, आरशातून बघत राहिलो. तिनं दोन्ही मुठी वर नेल्या आणि बोटं फाकवली. मग हात तसेच वर ठेवून ती थांबली. बाया तिच्याकडे बघत होत्या, त्यांना वाटलं संपलं. एकीनं मान हलवून “हो, हो, फटाका” असंही म्हटलं. आत्यानं डोळ्यांनीच तिला दटावलं, थांब. ती अगदी तेवढीच थांबली, जेवढा वेळ नदीवर लागला होता. आणि मग तिनं तळहात त्या बाईच्या पाठीवर ठेवून हलकेच थरथरवला.